बोलिंग बॉल (टेनपिन) : प्रकार आणि लेनप्रमाणे निवड

टेनपिन बोलिंगच्या ६० फुटी लेनवर, टोकाच्या दहा पिन पाडायला टाकायचा चेंडू. वजन जास्तीत जास्त १६ पौंड म्हणजे ७.२६ किलो, व्यास साधारण साडेआठ इंच. ठाण्यात काय किंवा वाशी-सीवूड्सला काय, नुसतं बोलिंग म्हटलं की समोरच्याला आधी क्रिकेटच आठवतं, म्हणून इथे टेनपिन शब्द जोडलाय. मॉलमधल्या रॅकवरच्या चेंडूंवर ८, १०, १२ असे आकडे असतात ते पौंडातलं वजन.

आधी चेंडू लाकडाचे असायचे, लिग्नम व्हिटे नावाचं लाकूड, इतकं जड की पाण्यात बुडतं. रबराचा चेंडू १९०५ च्या आसपास आला असं धरतात, मग ब्रन्स्विकचा मिनरलाइट, त्याचं साल बहुतेक ठिकाणी १९१४ दिलेलं असतं. पॉलिस्टर म्हणजे आपण ज्याला प्लास्टिक म्हणतो तो १९६० च्या आगेमागे. खरी गंमत त्यानंतर आहे. १९७३ मध्ये डॉन मॅकून या अमेरिकन प्रोने प्लास्टिकचा चेंडू एमईके या सॉल्व्हंटमध्ये भिजवून मऊ केला, मऊ झाल्यावर तो लेनला जास्त धरायला लागला, आणि त्या एका वर्षात त्याने सहा टायटल्स जिंकली. पुढे कडकपणाची किमान मर्यादाच नियमात आली. युरेथेन १९८१ च्या सुमाराला, रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. रिअ‍ॅक्टिव्हचा पहिला मान बरेच जण एक्स-कॅलिबर या चेंडूला देतात आणि ते पटण्यासारखं आहे.

चेंडू किती वळणार हे कोअर ठरवतो की कव्हर, यावर खेळणाऱ्यांत जुना वाद आहे. कव्हर म्हणजे वरचं कवच (प्लास्टिक, युरेथेन, रिअ‍ॅक्टिव्ह ही त्याचीच नावं), आणि कोअर म्हणजे आतला गाभा, त्याचा आकार बेढब असला तर फिरताना चेंडूचा अक्ष सरकत राहतो. हे डोळ्यांनी बघता येतं : चेंडू परत आला की पुसायच्या आधी त्याच्यावर लागलेलं, लेनवर मारलेलं ऑइल बघा. साध्या हाउस बॉलवर (रॅकवरचा सगळ्यांसाठीचा चेंडू) एकाच जागी एक बारीक कडी दिसते, आणि चांगल्या रिअ‍ॅक्टिव्हवर पाच-सहा कड्या पंख्यासारख्या पसरलेल्या, दोन ठिकाणी जवळ येऊन बो-टायसारख्या बांधल्यागत, म्हणजे दर फेऱ्याला कोरडा भाग लेनला लागतोय. तरी पहिला मान कव्हरला द्यायला हवा, कारण यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेच्या बॉल मोशन अभ्यासातही पृष्ठभागाचा खडबडीतपणाच वर आला. त्यामुळे तोच चेंडू ५०० ग्रिटच्या (आकडा कमी तितका पॅड खरखरीत) पॅडने घासला तर लवकर वळतो आणि ४००० केला किंवा पॉलिश मारलं तर लांब सरळ जाऊन शेवटी वळतो, आणि बरेचदा नवा चेंडू घ्यायच्या आधी पॅड घ्यावं.

लेनवरचं ऑइल दिसत नाही, पण सगळा खेळ त्याचाच आहे. नेहमीच्या हाउस पॅटर्नमध्ये (पॅटर्न म्हणजे लेनवर ऑइल मारायची आखणी) ऑइल साधारण ४० फुटांपर्यंत, मधे जास्त, कडेला कमी, पुढचे २० फूट कोरडे. अंदाजासाठी ३१ चा नियम वापरतात, पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा केले की चेंडू वळताना कुठल्या बोर्डवर, म्हणजे लेनच्या कुठल्या उभ्या पट्टीवर, असावा ते कळतं, म्हणजे ४२ फुटाला ११ वा बोर्ड (उजव्या हाताने टाकणाऱ्याने उजव्या गटरपासून मोजायचा, लेनला एकूण ३९ बोर्ड). ऑइल भरपूर आणि लांब असेल तर खडबडीत रिअ‍ॅक्टिव्ह, पॅटर्न आखूड असेल तर युरेथेन, कारण तो एकसारखा हळूहळू वळतो. कोरड्या लेनवर रिअ‍ॅक्टिव्ह टाकला तर तो लवकर पकडतो आणि पिनपर्यंत जाईतो दम गेलेला असतो, तिथे प्लास्टिक किंवा पॉलिश केलेला कमी ताकदीचा चेंडू बरा. जिथे ऑइल रोज मारत नाहीत अशा मॉलच्या लेनवर खेळणाऱ्याने पहिला स्वतःचा चेंडू प्लास्टिकचाच घ्यावा असं ठाम मत आहे, बोटांच्या मापाने भोकं पाडून. पुढे जास्त वळणारा चेंडू घेतला तरी हा स्पेअरला (पहिल्या थ्रोत उरलेल्या पिन दुसऱ्यात पाडायला), खास करून कोपऱ्यातल्या १० नंबर पिनला, कायम लागतो.

खेळता खेळता लेन बदलते. रिअ‍ॅक्टिव्ह ऑइल पितो, त्याने रेषेवरचं ऑइल संपत जातं. युरेथेन आणि प्लास्टिक ते पुढे ढकलतात. चेंडू हेड पिनच्या (सगळ्यात पुढच्या पिनच्या) डाव्या बाजूला जायला लागला तर उजव्या हाताने टाकणाऱ्याने पाय दोन बोर्ड डावीकडे आणि नजर एक बोर्ड डावीकडे न्यायची, तरीही जमलं नाही तर चेंडू बदलायचा. दर थ्रोनंतर मायक्रोफायबरच्या फडक्याने ऑइल पुसायचं.