एकच दार असलेला संगणक: छोट्या बोर्डांवरच्या यूएसबी फेरजोडणीची पार्श्वभूमी

रास्पबेरी पाय झीरो या एकाच छोट्या बोर्डावरच्या संगणकाच्या पाठीवर चार तारा सोल्डर करायच्या, डब्यात छोटा हब (एका यूएसबी खाचेच्या अनेक खाचा करणारा) बसवायचा आणि त्यावर कीबोर्ड, साउंड कार्ड, पेन ड्राइव्ह चढवायचे, ही करामत आता बेळगाव-निपाणीकडच्या डिप्लोमाच्या पोरांनाही ओळखीची आहे. ती का करावी लागते, याचं मूळ चिपमध्ये आहे.

पहिला रास्पबेरी पाय, मॉडेल बी, २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला. त्यातली ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५ चिप मुळात मल्टिमीडिया उपकरणांसाठी होती आणि तिला यूएसबीचं एकच दार होतं. मॉडेल बी वर दोन यूएसबी खाचा आणि इथरनेट दिसतं खरं, पण ते सगळं एलएएन९५१२ नावाच्या दुसऱ्या चिपमधून येतं आणि शेवटी त्या एकाच दारातून आत जातं. यूएसबी २.० चे सेकंदाला ४८० मेगाबिट सगळ्यांनी वाटून घ्यायचे. पाय २, पाय ३ मध्येही हीच रचना राहिली. ती बदलली २०१९ च्या पाय ४ मध्ये.

वेगाची तक्रार झालीच, पण हौशी लोकांनी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं ते करंटसाठी. यूएसबी २.० प्रमाणे खाचेतून ५०० मिलिअँपिअर मिळायला हवेत. पहिल्या बोर्डांवर मात्र प्रत्येक खाचेला १४० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज (करंट जास्त झाला की वाट अडवणारा फ्यूज) होता. त्या फ्यूजचा स्वतःचा रोध व्होल्टेज खायचा, आणि वायफाय डाँगल मध्येच गळायचा. लोकांनी फ्यूजवर सोल्डर टाकून तो सरळ जोडून टाकला. २०१२ मध्येच पुढच्या बोर्डांवरून ते फ्यूज काढण्यात आले. मग दुसरं दुखणं सुरू झालं. चालू बोर्डात डाँगल खुपसला की त्याचे कपॅसिटर भरताना ५ व्होल्टची लाइन क्षणभर खाली बसायची आणि बोर्ड रीसेट व्हायचा. शिवाय स्वतःचा अडॅप्टर असलेला हब जोडला की त्याचा करंट उलटा बोर्डात शिरायचा, मुख्य फ्यूजला वळसा घालून. अशा हबच्या पायकडे जाणाऱ्या केबलमधली लाल (५ व्होल्टची) तार कापायची पद्धत तेव्हाची. काळी (ग्राउंडची) तार मात्र कधीही कापू नये; ग्राउंड सामाईक नसेल तर डेटाला संदर्भच उरत नाही. जुलै २०१४ च्या बी प्लसमध्ये करंट मर्यादित करणारा स्विच आला: मूळ मर्यादा ६०० मिलिअँपिअर, सेटिंग बदलून १.२ अँपिअर.

झीरो आला २६ नोव्हेंबर २०१५ ला, पाच डॉलरला. त्यात इथरनेट नाही, हब नाही. डेटाची एकच मायक्रो यूएसबी खाच, थेट चिपला जोडलेली. पण चाचणीसाठी ठेवलेले पॅड (धातूचे बारीक ठिपके) पाठीमागे उघडे होते: पीपी१ वर ५ व्होल्ट, पीपी६ वर ग्राउंड, आणि डेटाच्या दोन लाइनींपैकी पीपी२२ वर डी प्लस, पीपी२३ वर डी मायनस. खरी फेरजोडणी इथे रुजली. चार खाचांचा एफई१.१एस चिपवाला स्वस्त हब घ्यायचा, त्याचे जाड कनेक्टर काढायचे आणि पॅडशी तारेने जोडायचा. एक अट मात्र कायम राहते. पॅड आणि मायक्रो यूएसबी खाच ही एकच लाइन आहे, त्यामुळे पॅडवर हब असताना त्या खाचेत दुसरं काही लावून चालत नाही.

डेटाच्या दोन तारांना ३० गेजची तार पुरते (गेजचा आकडा मोठा, तितकी तार बारीक). मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती इनॅमलची जंपर वायरही चालते. बेळगावात कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात ती सापडेल. दोन्ही तारा सारख्या लांबीच्या, एकमेकींत पिळलेल्या आणि शक्यतो ५ सेंटिमीटरच्या आत ठेवाव्यात, कारण या जोडीचा इम्पिडन्स (वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) ९० ओहमच्या आसपास राहायला हवा. पॅड बारीक आहेत. ३५० अंशांवर आयर्नचं टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर पॅड उखडतो, म्हणून आधी फ्लक्स, मग सोल्डर. तारेवर ओढ येऊ नये म्हणून यूव्ही गोंदाचा थेंब टाकावा. उरलेलं फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावं. खानापूर-लोंढ्याच्या पावसाळी हवेत ते राहिलं तर जोड हिरवट पडतात.

डी प्लस आणि डी मायनस उलटे जोडले तर काही जळत नाही, आणि चूक कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये लगेच कळते. फुल-स्पीड उपकरण डी प्लसवर १.५ किलोओहमचा पुल-अप (लाइन वर खेचणारा रेझिस्टर) लावून आपली ओळख देतं, लो-स्पीड उपकरण डी मायनसवर. हबही सुरुवातीला फुल-स्पीड म्हणूनच समोर येतो. तारा उलटल्या की तो ‘लो-स्पीड’ म्हणून दिसतो आणि पाठोपाठ उणे ७१ क्रमांकाच्या त्रुटी येतात. लॉगमध्ये काहीच येत नसेल, तर आधी गॅजेट मोडची (पायलाच दुसऱ्या संगणकाचं उपकरण बनवणारी) डीडब्ल्यूसी२ ओव्हरले ही सेटिंग चालू राहिली आहे का ते बघावं. या पॅडवर ओटीजीची आयडी तार (बोर्ड होस्ट की उपकरण हे सांगणारी) येत नाही, म्हणून ती ओव्हरले ठेवायची असेल तर होस्ट मोड (म्हणजे पायच मुख्य संगणक) सेटिंगमध्ये स्पष्ट लिहावा लागतो.

डेटाच्या तारा बऱ्यापैकी सोशीक असतात. दगा देते ती लाल तार. २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाण्या-येण्याचा धरला तर एक मीटर केबलमध्ये १ अँपिअरला ०.४ व्होल्टच्या वर जातात. अडॅप्टर ५ व्होल्ट देतो आणि ४.६३ व्होल्टखाली पाय कमी व्होल्टेजची सूचना देतो, म्हणजे हातात काही उरत नाही. २० गेजला मीटरचा रोध ०.०३ ओहमच्या आसपास येतो. म्हणून पीपी१ पॅड हाताशी असला तरी हबचा ५ व्होल्ट बोर्डातून घेऊ नये. अडॅप्टरच्या टोकापासून पाय आणि हब यांना दोन वेगळ्या जाड तारा काढाव्यात. हबच्या खाचांच्या ५ व्होल्ट लाइनवर किमान १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यूएसबीच्या नियमातच सांगितला आहे. स्वस्त हबवर तो बहुधा नसतो. २२० चा लावला की उपकरण खुपसताना होणारे रीसेट बरेच कमी होतात.

पाय ४ ने एकाच दाराचा प्रश्न सोडवला. तिथे यूएसबी ३ वेगळ्या चिपवर आहे, आणि ती पीसीआय एक्सप्रेस या वेगवान लाइनने मुख्य चिपला जोडलेली आहे. पण पहिल्या आवृत्तीत टाइप-सी खाचेच्या दोन सीसी पिनांना (समोर काय जोडलंय ते ओळखणाऱ्या) एकच सामाईक रेझिस्टर दिला होता, म्हणून ई-मार्क (ओळख सांगणारी चिप) असलेल्या महागड्या केबलवर बोर्ड चालूच होत नसे. साधी केबल लावली की चालायचा. २०२३ च्या पाय ५ मध्ये ३ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर सगळ्या खाचांना मिळून ६०० मिलिअँपिअर मिळतात, ५ अँपिअरचा असेल तर १.६ अँपिअर.

छोट्या डब्यासाठी पसंती अजून झीरोलाच आहे. मात्र २०२१ च्या झीरो २ डब्ल्यूवर पॅडच्या जागा बदलल्या आहेत. जुन्या झीरोचा फोटो समोर ठेवून सोल्डर करू नये. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून मायक्रो यूएसबी खाचेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेपासून पॅड शोधावा. दुसरी डी मायनस, तिसरी डी प्लस.