तुळस अंगणातून ग्रिलमध्ये आली तेव्हा

बाल्कनीत मधमाश्या याव्यात म्हणून हौसेने आणलेली लॅव्हेंडर आणि रोझमेरी ठाण्याच्या पावसाळ्यात बहुधा मान टाकतात. ही भूमध्य समुद्राकाठची झुडपं, त्यांना कोरडा उन्हाळा मानवतो. आपल्याकडे चार महिने मुळं ओली राहतात आणि कुजतात. गवती चहा मस्त तगतो, पण त्याला इथे फुलोरा क्वचितच येतो, मग माशीने यावं कशासाठी?

तुळशीचं तसं नाही. नौपाड्यातल्या जुन्या घरांपुढे, दिवाळे-घणसोलीसारख्या आगरी-कोळी गावठाणांत ती दारातच असायची. तुळस दोन-तीन वर्षांत जून होते, खोड लाकडासारखं होतं. पण मंजिऱ्या झाडावरच वाळायच्या, बी अंगणात सांडायचं, पहिल्या पावसात रोपं उगवायची. त्यातलंच एखादं तजेलदार रोप वृंदावनात जायचं आणि कार्तिकात त्याचं लग्न लागायचं.

तिचं फूल जवळून पाहावं. अगदी बारीक, दोन ओठांचं. पुंकेसर खालच्या ओठावरून पुढे आलेले असतात, त्यामुळे सातेरी किंवा फुलोरी जातीची मधमाशी तिथे टेकली की पराग थेट तिच्या पोटाला लागतात. सब्ज्याच्या फुलाची ठेवणही अशीच. पानांचा वास मात्र माशीला बोलावण्यासाठी नसतो; पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतलं तेल मुख्यतः पानं खाणाऱ्या किड्यांना लांब ठेवतं.

1970मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांभोवती नवी मुंबई हे नवं शहर उभं राहू लागलं. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात सात-सात घरं एकेका चौकाभोवती मांडली, प्रत्येक घराला स्वतःची मोकळी जागा ठेवली. मला ही रचना फार मोलाची वाटते. पण बाकी बहुतेक ठिकाणी अंगण गेलं आणि तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये आली.

फरशीवर सांडलेलं बी झाडूबरोबर जातं. मग कुंडीतली एकुलती एक तुळस जास्त दिवस टिकावी म्हणून मंजिरी दिसली की खुडायची. बी धरलं की झाड लवकर थकतं, हे खरंच आहे. पण सगळ्या मंजिऱ्या खुडल्या तर माशीला तिथे काहीच उरत नाही. म्हणून दोन कुंड्या ठेवाव्यात असं मी आग्रहाने सांगेन. एकीची मंजिरी खुडावी, दुसरीची झाडावरच वाळू द्यावी आणि ते बी मे महिन्याअखेर त्याच मातीत भुरभुरावं.