झळा सोसायला शिकणारं यीस्ट

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. माणसं डोक्याला रुमाल बांधून निघतात, दुपार टाळतात. रावेर-यावलच्या केळीला ती सोय नाही. जागेवर उभं राहून झळा सोसायच्या. अशा वेळी पेशीच्या आत काय चालतं, याचा फार मोठा उलगडा झाला तो पाव फुगवणाऱ्या यीस्टमधून.

यीस्टला ३० अंशांच्या आसपास मानवतं. तिथून उचलून थेट ५० अंशांच्या पाण्यात ठेवलं, तर काही मिनिटांत बहुतेक पेशी मरतात. पण आधी अर्धा तास ३७ अंशांवर ठेवून मग ५० वर नेलं, तर कितीतरी जास्त पेशी तगतात. त्या अर्ध्या तासात पेशीने कसली तरी तयारी केलेली असते.

सुझन लिंडक्विस्ट या अमेरिकन रेणुजीवशास्त्रज्ञ शिकागो विद्यापीठात याचाच माग काढत होत्या. १९९० साली योलांडा सांचेझ आणि त्यांनी यीस्टमधलं एचएसपी१०४ हे प्रथिन (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन, उष्णतेच्या धक्क्यात वाढणारं प्रथिन) बनवणारं एकच जनुक काढून टाकलं. पेशी नेहमीसारख्याच वाढल्या. थेट चटका दिला तेव्हा इतर यीस्ट मरत होतं त्याच वेगाने मेल्या. फरक दिसला तो फक्त सौम्य उष्णता आधी दिल्यावर: या पेशींना तिचा फायदाच झाला नाही. जनुक परत घातलं, आणि क्षमता परत आली. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो, कारण त्यात पळवाटेला जागा उरत नाही.

आता खरा प्रश्न. यीस्टच्या प्रत्येक पेशीत सुमारे ६,००० जनुकं असतात. त्यातली नेमकी एचएसपी१०४ सारखी मोजकीच उष्णतेत कामाला कशी लागतात? पेशीत थर्मामीटर तर नाही. हे काम करतं एचएसएफ१ नावाचं प्रथिन. ठरावीक जनुकांच्या अलीकडे डीएनएवर ‘जीएए’ ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा, उलटसुलट दिशेने येतात. तिथे हे प्रथिन बसतं आणि जनुकाचं वाचन वाढवतं. एरवी त्याला एचएसपी७० हे दुसरं प्रथिन धरून ठेवतं. एचएसपी७० चं मुख्य काम वेगळंच: प्रथिनांच्या लांब साखळ्या नीट घडी पडली तरच काम करतात, आणि घडी बिघडलेल्यांना सावरणं हे ते काम. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागल्या की एचएसपी७० तिकडे अडकतं आणि एचएसएफ१ मोकळं होतं. ते मोकळं झालं की आणखी एचएसपी७० तयार होतं, आणि काम आटोक्यात आल्यावर तेच पुन्हा एचएसएफ१ ला धरून बसवतं. म्हणजे पेशी उष्णता मोजतच नाही. ती झालेलं नुकसान मोजते. जनुक-नियंत्रणातली ही युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटते.

याच लाटेत एचएसपी१०४ ही भराभर वाढतं. त्याचे सहा रेणू मिळून एक कडं होतं, मधे भोक. चटक्याने प्रथिनं एकमेकांत चिकटून गोळा झाली, की गुंतलेल्या सुताचं एक टोक धरून ओढावं तसं हे कडं एकेक प्रथिन भोकातून ओढून सोडवतं. त्यासाठी पेशीची ऊर्जा, एटीपी, खर्च होते. पलीकडे निघालेल्या प्रथिनाला पुन्हा नीट घडी घालता येते.

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या महाविद्यालयांत मायक्रोबायोलॉजीच्या मुलांनी यातला पहिला भाग तरी करून पाहावा. दोन वॉटर बाथ (ठरावीक तापमान राखणारी पाण्याची भांडी), यीस्ट आणि अगार प्लेट (सूक्ष्मजीव वाढवायची जेलीची थाळी) एवढ्यावर भागतं. प्रत्येक नमुना दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून त्याचे थेंब प्लेटवर एका ओळीत ठेवायचे आणि ३० अंशांवर दोन दिवस थांबायचं. जिथे पेशी जगल्या तिथे साय-रंगाचे गोल ठिपके उठतात. थेट ५० वर नेलेल्यांची ओळ लवकर विरळ होते. आधी ३७ वर ठेवलेल्यांची पुढच्या थेंबांपर्यंत भरलेली दिसते.

प्राण्यांच्या पेशीद्रवात एचएसपी१०४ सापडत नाही, आपल्यातही नाही. वनस्पतींत मात्र त्याचा भाऊबंद आहे, एचएसपी१०१. लिंडक्विस्ट आणि वनस्पतींवर काम करणाऱ्या एलिझाबेथ व्हर्लिंग यांच्या गटांनी १९९४ साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपाचं हे जनुक, एचएसपी१०४ नसलेल्या यीस्टमध्ये घातलं. यीस्ट पुन्हा उष्णता सोसू लागलं. पुढे २००० साली दिसलं, की त्याच रोपात एचएसपी१०१ बिघडलेलं किंवा फार कमी असलं, तर आधी सौम्य उष्णता देऊनही रोपं चटक्यात नीट टिकत नाहीत.