रेल्वेचं वेळापत्रक आणि ड्रॅगन

वर्षभरात वाचलेल्या नव्या फँटसी आणि डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या काल्पनिक राज्यांच्या, कादंबऱ्यांबद्दलची माझी मतं भाचीला पटत नाहीत. मामा जुन्या चष्म्यातून वाचतो, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं एवढंच की, ज्या लेखकाने एखाद्या यंत्रणेत स्वतः खर्डेघाशी केली आहे, त्याचा काल्पनिक देश उभा राहतो. ज्याने फक्त इतरांच्या कादंबऱ्या वाचल्या आहेत, त्याच्या देशाला नकाशा असतो, पण नळाला पाणी नसतं. हे मत कुठून आलं ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

टॉमस मोरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ लिहिलं, तिथून सुरुवात करायची पद्धत आहे. मला १८६८ जास्त आवडतं. त्या वर्षी १२ मार्चला ब्रिटिश संसदेत आयर्लंडवर चर्चा चालू होती आणि तत्त्वज्ञ खासदार जॉन स्टुअर्ट मिलने सरकारी बाजूची टर उडवताना ‘डिस्टोपियन’ हा शब्द वापरला. युटोपिया म्हणजे प्रत्यक्षात येणं शक्य नाही इतकं चांगलं. तुमचं जे चाललंय ते प्रत्यक्षात येणं शक्य नाही इतकं वाईट, असा त्याचा टोला होता. या मिलने त्याआधी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत हिंदुस्थानला जाणारे खलिते लिहिण्यात घालवली होती. दूरवरच्या माणसांचं आयुष्य कागदावरून कसं हलवतात, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पण आज आपण जिला डिस्टोपियन कादंबरी म्हणतो, तिचा साचा घडवला तो येवगेनी झम्यातिनने. हा रशियन माणूस पेशाने जहाजबांधणीतला इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, त्याला इंग्लंडात न्यूकॅसलला पाठवलं, रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर देखरेख करायला. तिथे असतानाच त्याने इंग्रजांवर एक छोटी, खवचट कादंबरी लिहिली. तिच्यातल्या पाद्रीबुवांच्या घरात प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं असतं: जेवणाचं, फिरायला जाण्याचं, दानधर्माचंही. एका वेळापत्रकाला मात्र शीर्षक नाही. ते बायकोसंबंधी आहे आणि त्यात दर तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारावर खूण आहे.

रशियात परतल्यावर, १९२०-२१ मध्ये त्याने ‘आम्ही’ लिहिली तेव्हा हा पाद्री अख्खं राज्य होऊन बसला. तिथे माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची. पडदा ओढायचा तर गुलाबी कुपन लागतं, आणि ते ठरलेल्या तासापुरतंच. निवेदक डी-५०३ अवकाशयान बांधणारा इंजिनिअर आहे आणि प्राचीन वाङ्मयातली सर्वश्रेष्ठ कृती कोणती, तर त्याच्या मते रेल्वेचं वेळापत्रक! हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते डोंबिवलीला फास्ट लोकलची वाट बघत, त्यामुळे त्यातली गंमत जरा जास्तच झोंबली.

कादंबरी रशियात छापू दिली नाही. न्यूयॉर्कला १९२४ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं. झम्यातिनने १९३१ मध्ये थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि १९३७ मध्ये तो पॅरिसला वारला. सोव्हिएत वाचकांच्या हातात पुस्तक पडलं ते १९८८ मध्ये. न्यूकॅसलला त्याने ज्या बर्फफोड्या जहाजावर सर्वांत जास्त काम केलं होतं, त्याचं नाव मात्र क्रांतीनंतर बदलून ‘लेनिन’ ठेवलं गेलं.

जॉर्ज ऑर्वेलने या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर मिळवलं आणि जानेवारी १९४६ मध्ये त्यावर परीक्षण लिहिलं. ऑल्डस हक्सलीची १९३२ ची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी काही अंशी इथूनच उचललेली दिसते, असं त्याने सुचवलं. हक्सलीने ते नाकारलं. हक्सली ती कादंबरी लिहिण्याच्या सुमारास इंग्लंडातल्या बिलिंगहॅमचा रसायन कारखाना बघून आला होता, हे माझ्या सिद्धांताच्या सोयीचं आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतलं सत्य मंत्रालय कुठून आलं, याचं उत्तर शोधताना आपण मराठीच्या अंगणात येतो. ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये नोकरीला होता आणि त्याचं काम हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करण्याचं होतं. युद्धाची साप्ताहिक वार्तापत्रं तो इंग्रजीत लिही आणि त्यांची गुजराती, मराठी, बंगाली, तमिळ भाषांतरं होऊन ती प्रसारित होत. प्रत्येक संहितेवर दोन शिक्के लागत, एक सुरक्षेचा आणि एक धोरणाचा. तिथे त्याच्यासोबत काम करणाऱ्या वेणू चितळे कोल्हापूरकडच्या. १९४२ च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात स्टुडिओतल्या टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद ही मंडळी आहेत आणि त्यांच्यात वेणूताई आहेत. पोर्टलंड प्लेसमधल्या बीबीसीच्या इमारतीत एकशे एक नंबरची खोली होती, तिथे बैठका होत. कादंबरीतली छळाची खोली त्यावरून आली असं मानतात. ज्याने सरकारी मीटिंगा काढल्या आहेत, त्याला हे पटायला पुरावा लागत नाही.

फँटसीचं मूळ वेगळ्या गावचं. टोल्किनने पहिल्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डच्या शब्दकोशासाठी ‘डब्ल्यू’च्या शब्दांवर काम केलं होतं, ‘वॉलरस’ची व्युत्पत्ती लावताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. त्याच्या जगात भाषा आधी जन्मल्या आणि माणसं मागून आली. आज प्रत्येक फँटसी तीन खंडांत का येते? टोल्किनला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे एकच पुस्तक हवं होतं. कागद महाग होता आणि प्रकाशकाला तोट्याची भीती होती, म्हणून १९५४-५५ मध्ये ते तीन भागांत काढलं. पुढे १९७७ मध्ये टेरी ब्रुक्सच्या कादंबरीने न्यूयॉर्क टाइम्सच्या पेपरबॅक यादीत जागा मिळवली आणि टोल्किनसारखं लिहून पैसा मिळतो, हे प्रकाशकांना कळलं. कागदटंचाई संपली, त्रिखंड उरले.

२००८ नंतरची डिस्टोपियन कादंबऱ्यांची लाट बहुतेकांना आठवत असेल. सुझान कॉलिन्स मुलांच्या टीव्ही मालिका लिहीत असे. एका रात्री चॅनेल बदलताना रिअ‍ॅलिटी शो आणि इराक युद्धाची दृश्यं डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळली, असं तिने सांगितलं आहे. म्हणून टीव्हीवरच्या जीवघेण्या खेळाची गोष्ट सांगणाऱ्या तिच्या ‘हंगर गेम्स’मधली मारामारी विसरली तरी मेकअप करणारी टीम आणि मुलाखत घेणारा निवेदक लक्षात राहतो. २०२५ मध्ये आलेल्या तिच्या नव्या भागात तर सगळी मेख संकलनात आहे, काय कापलं आणि काय दाखवलं यात. मागोमाग आलेल्या गर्दीने त्यातली धनुर्धारी मुलगी तेवढी उचलली. ‘डायव्हर्जंट’च्या तिन्ही कादंबऱ्या मी वाचल्या आणि त्यांतलं शहर चालतं कसं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अलीकडच्यांत आर. एफ. क्वांगची ‘बेबल’ (२०२२) मला आवडली ती याच कारणाने. भाषांतरात जे निसटतं त्याच्या जोरावर साम्राज्य चालतं, ही कल्पना स्वतः भाषांतर करणाऱ्यालाच सुचावी. शेवटाकडे ती भाषण ठोकत सुटते, ते सोडून द्या. पॉल लिंचच्या ‘प्रॉफेट साँग’ला २०२३ चा बुकर मिळाला. ती मात्र माझ्या सिद्धांताला जुमानत नाही. लिंच कुठल्या मंत्रालयात नव्हता, तरी डब्लिनमधलं एक घर परिच्छेद न तोडता आवळत नेतो. नवऱ्याला पोलीस घेऊन जातात, पासपोर्टचे अर्ज अडकतात, आणि आई मुलांच्या डब्यांचं बघत राहते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मराठीत या जातीचं नाव घ्यायचं तर नंदा खरे यांची ‘उद्या’. खरे सिव्हिल इंजिनिअर, बांधकामात हयात गेलेली. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला जाहीर झाला तेव्हा त्यांनी नम्रपणे नाकारला. समाजाने भरपूर दिलं आहे, आता पुरस्कार घेत नाही, असं सांगून. २०२२ मध्ये ते गेले.

भाचीला मी ‘उद्या’ दिली आहे. परवा रात्री तिचा मेसेज आला: “पन्नास पानं झाली, मामा. ड्रॅगन कधी येतो?”