खेतवाडीचा माळा आणि 1973 चं इंग्रजी पुस्तक

निसर्गदत्त महाराजांचं नाव आज बहुतेकांपर्यंत एका इंग्रजी पुस्तकातून पोचतं. मराठी घरांतही आता तेच होऊ लागलंय. नातू परगावी नोकरीला असताना 'आय अॅम दॅट' वाचतो आणि सुट्टीत आल्यावर आजीला विचारतो, हे मुंबईचे महाराज तुला ठाऊक होते का? आजी रोज दासबोधाचा एक समास वाचत असते. नातवाचं पुस्तक दासबोधाच्याच परंपरेतलं आहे, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. निंबर्गी, उमदी, इंचगिरी ही परंपरा सोलापूर-सांगली-विजापूरच्या सीमाभागातली. तिच्यातले सिद्धरामेश्वर महाराज मुंबईत निरूपण करीत, आणि दासबोध हा त्यांचा मुख्य आधार. 1933 मध्ये एक मित्र मारुती कांबळींना, म्हणजे पुढच्या निसर्गदत्त महाराजांना, त्यांच्याकडे घेऊन गेला. कांबळी मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेले, मुंबईत विड्यांची दुकानं चालवणारे. 1936 मध्ये गुरूंनी देह ठेवला, म्हणजे सहवास जेमतेम तीन वर्षांचा. गुरूंच्या निरूपणाची टिपणं कांबळींनी काढून ठेवली होती. ती पुढे मराठीत छापली गेली. संप्रदायाबाहेर फारशी कुणी वाचली नाहीत.

मग 1973 मध्ये महाराजांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक 'आय अॅम दॅट' निघालं. त्याचे अनुवादक मॉरिस फ्रीडमन मूळचे वॉर्सॉचे, पेशाने इंजिनिअर. त्यांचा महाराष्ट्राशी संबंध खेतवाडीच्या, म्हणजे महाराजांच्या मुंबईतल्या घराच्या, कितीतरी आधीचा आहे. औंध संस्थानात 1939 मध्ये प्रजेला स्वराज्य देणारी राज्यघटना आली, तिच्या घडणीत त्यांचा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाची कल्पनाही त्यांचीच. तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगराजवळच्या रमण महर्षींकडेही ते जात. एका इंग्रज पत्रकाराच्या 1934 च्या पुस्तकामुळे पाश्चात्त्यांची पावलं महर्षींकडे कशी वळली, हे त्यांना चांगलंच माहीत असणार. तसंच पुन्हा घडावं म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं, असं मात्र मी म्हणणार नाही.

खेतवाडीत अरुंद जिन्याने माळ्यावर जायचं, खाली बसायचं, आणि महाराज विडी ओढत बोलायचे. परदेशी पाहुणा आला की दुभाष्या लागे. फ्रीडमन हजर असले तर ते काम त्यांच्याकडे. प्रश्नोत्तरं ऐकून पुढे टेपरेकॉर्डर आणला गेला. अनुवादकाच्या टिपणात एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही: काही टेप अनेक भारतीय आणि युरोपीय भाषांची सरमिसळ होत्या, आणि इंग्रजी करताना कंटाळवाणी पुनरुक्ती टाळायची होती. महाराजांनी स्वतः तपासलेली मराठी आवृत्ती वेगळी छापली आहे, असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे मूळ कोणतं? टेपवरचं बोलणं, तपासलेली मराठी प्रत, की जगाने वाचलेलं इंग्रजी? बहुतेक अभ्यासक इंग्रजीलाच मूळ धरून चालतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे निरूपणात पुनरुक्ती हा दोष नसतो. तीच गोष्ट चार वेळा चार बाजूंनी सांगणं हीच तर निरूपणाची रीत.

खरी गुंतागुंत शब्दांची. पुस्तकाचं नाव अमृतबिंदू उपनिषदाच्या शेवटच्या श्लोकातलं, 'तदस्म्यहम्', म्हणजे 'ते मी आहे'. महाराजांचा रोजचा शब्द मात्र साधा होता: 'मी आहे'. त्यात 'ते' नाही. आणि हे 'मी आहे'सुद्धा शेवटचा मुक्काम नव्हे. तिथे थांबून पुढे जायचं. ज्याने नुसतं शीर्षकच वाचलं, त्याची इथे दिशाभूल होते.

'जाणीव' या शब्दाचं तर आणखी अवघड. इंग्रजीत तिथे कॉन्शसनेस आला, आणि त्याच्या पलीकडच्यासाठी अवेअरनेस. दोन्ही शब्द मराठीत परत आणायला गेलं की 'जाणीव', 'चैतन्य', 'भान' यांची नुसती अदलाबदल होते. परंपरेतली जुनी जोडी होती ज्ञान आणि विज्ञान. दासबोधात ज्ञानाचंही विज्ञान होतं, म्हणजे जाणणंही मावळतं. सिद्धरामेश्वर महाराजांचा वापरही असाच. पण ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात प्रपंचालाच विज्ञान म्हटलंय, अगदी उलट. आणि आजच्या वाचकाला विज्ञान म्हटलं की प्रयोगशाळा आठवते. अनुवादकाने हा शब्द बाजूला ठेवला, ते शहाणपणाचंच झालं. फक्त त्यामुळे दासबोधाकडे परत जायची वाट बुजली.

पुढे दुभाषे बदलले. शेवटच्या काही वर्षांत एका मोठ्या बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ ते काम करू लागले, आणि एका अमेरिकन बाईंनी त्या काळातल्या संवादांची संपादनं केली. या पुस्तकांत कॉन्शसनेस आणखी पसरट झाला; 'असणेपणा'ही बऱ्याचदा त्यातच जमा. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणारा गोंधळतो आणि महाराजांची शिकवण बदलली असं म्हणतो. शिकवणीत रोखठोकपणा वाढला, हे खरंच. पण निम्मी तफावत दुभाष्यांच्या शब्दकोशातली असावी.

'आय अॅम दॅट'ची सुधारित आवृत्ती जुलै 1981 मध्ये निघाली. महाराजांना तेव्हा घशाचा कर्करोग होता. 8 सप्टेंबरला ते गेले. अमेरिकेतली आवृत्ती 1982 ची. फ्रीडमन यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. ते त्याआधीच मुंबईत वारले होते, आणि तेव्हा महाराज त्यांच्या बिछान्याशी बसलेले होते.