मिशांचा नकाशा आणि सेरोटोनिन

सेरोटोनिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’, हे बिरूद आता व्हॉट्सॲपवरही फिरतं. पण ते फार तोकडं आहे. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ते मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपल्यापुरतं स्वतःच बनवतो, तेही मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातल्या काही लाख पेशींच्या जिवावर. मेंदूतल्या एकूण चेतापेशी सुमारे ८६ अब्ज. म्हणजे दर्यामें खसखस.

या मूठभर पेशी गर्भाच्या मेंदूत फार लवकर अवतरतात. एरवी सेरोटोनिन चेतापेशींमधले निरोप पोचवतं, पण तेव्हा त्यासाठी धड जोडण्याही नसतात. मग सेरोटोनिनचं काम काय? त्या जोडण्या घडवायला हातभार लावणं.

उंदराचंच बघा. तो अंधारात मिशांनी चाचपत फिरतो. त्याच्या मेंदूच्या बाह्यकात प्रत्येक मिशीसाठी पेशींचा वेगळा पुंजका असतो, आणि हे पुंजके मुस्कटावरच्या मिशांच्या ओळींबरहुकूम मांडलेले असतात. १९९० च्या दशकात फ्रेंच संशोधकांना असे उंदीर सापडले, ज्यांच्यात हा नकाशाच उमटला नव्हता. भलत्याच प्रयोगात त्यांचं एमएओ-ए हे जनुक अपघातानं बिघडलं होतं. सेरोटोनिनची विल्हेवाट लावणारं विकर याच जनुकावरून बनतं. ते नसल्यानं सेरोटोनिन साचत गेलं. थॅलॅमसकडून (संवेदना बाह्यकाकडे धाडणाऱ्या मेंदूतल्या केंद्राकडून) येणारे तंतू ठरल्या जागी गोळा न होता अस्ताव्यस्त पसरले. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सेरोटोनिनची निर्मिती औषधानं रोखली, तर पुंजके पुन्हा नीट तयार झाले. उशीर झाला, की उपयोग नाही.

वेळेचं हे गणित औषधांनाही लागू पडतं. फ्लुऑक्सेटिन चेतापेशींच्या फटीतलं सेरोटोनिन वाढवतं आणि मोठ्यांचं नैराश्य हलकं करतं. पण २००४ मध्ये उंदरांच्या पिलांना चौथ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत ते दिलं, तेव्हा मोठेपणी ती उलट जास्त बुजरी निघाली. (यावरून गरोदर बाईनं आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, उपचाराविना राहिलेलं नैराश्यही आईला आणि बाळाला घातकच.)

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट याच प्रश्नांवर काम करतो. सेरोटोनिनमुळे चेतापेशींतल्या तंतुकणिकांची (ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची) संख्या वाढते, म्हणजे पेशीला जास्त ऊर्जा मिळते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये दाखवलं. ताण सोसताना पेशी तगतात त्या या ऊर्जेवर, मूड वगैरे गोष्टी त्यानंतरच्या.