डूलाची फी: आकडा मांडावा की विचारल्यावर सांगावा?

अमेरिकेत बाळंतपणाच्या सोबतीसाठी डूला शोधायला बसलं की एक गंमत लक्षात येते. तिने प्रशिक्षण कुठे घेतलं, आजवर किती बाळंतपणांना ती हजर होती, तिला मालिश येतं का, तिच्या घरी मांजर आहे की कुत्रा, हे सगळं तिच्या संकेतस्थळावर असतं. फी मात्र बऱ्याचदा नसते. तिच्या जागी 'फोनवर बोलू या' अशी ओळ असते.

यावरून डूलांमध्ये जुना वाद आहे. काहींचं म्हणणं, आकडा लावला की लोक फक्त आकडाच बघतात. बाईचा स्वभाव, अनुभव, तिच्याशी आपलं जमेल का, हे मागे पडतं. बाकीच्या म्हणतात, आकडा लपवला तर 'आपल्याला परवडणार नाही' असं गृहीत धरून माणसं फोनच करत नाहीत. वरवर हा धंद्याच्या क्लृप्त्यांचा वाद वाटतो. पण पैशाविषयीचा हा संकोच आला कुठून ते पाहायचं, तर बरंच मागे जावं लागतं.

आधी डूला म्हणजे कोण, ते. ती सुईण नव्हे. ती तपासत नाही, औषध देत नाही, बाळ हातात घेत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत ती बाईजवळ थांबते. पाठ चोळते, श्वास घ्यायची आठवण करते, डॉक्टर काय म्हणाले ते सोपं करून सांगते, घाबरलेल्या नवऱ्यालाही सांभाळते. आपल्याकडे हे काम आई, मावशी, थोरली जाऊ करत आली आणि त्याला वेगळं नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही.

अमेरिकेतही ते तसंच होतं. १९०० च्या सुमारास तिथली जवळजवळ सगळी बाळंतपणं घरीच होत. १९४० पर्यंत निम्म्याहून जास्त रुग्णालयात गेली आणि १९६९ मध्ये घरच्या बाळंतपणाचं प्रमाण एक टक्क्यावर आलं. रुग्णालयात गेलेली बाई एकटी गेली. शेजारणी बाहेर राहिल्या, नवराही बाहेर. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी स्तनपानावरच्या १९७३ च्या पुस्तकात नव्या आईला आधार देणाऱ्या बाईसाठी 'डूला' हा ग्रीक शब्द वापरला, तो या रिकाम्या झालेल्या जागेसाठी. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दासी, गुलाम बाई. म्हणजे नावातच बिनपगारी चाकरी! त्या नावाच्या धंद्यात दराची पाटी लावायला हात कचरावा, यात नवल नाही.

शब्द पुढे संशोधनातून रुळला. ग्वाटेमालातल्या रुग्णालयात मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह एक साधा प्रयोग केला. काही बायकांना कळांच्या काळात सतत जवळ बसणारी एक अनोळखी बाई दिली, बाकीच्यांना नेहमीचीच व्यवस्था. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आले. सोबत मिळालेल्या आणि गुंतागुंत न झालेल्या बायकांच्या कळांचा काळ सरासरी ९ तासांच्या आसपास होता, दुसऱ्या गटात १९ तासांच्या. मग ह्यूस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयात पहिलटकरणींवर मोठा अभ्यास झाला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे डूला असलेल्या गटात सिझेरियनचं प्रमाण ८ टक्के निघालं. नुसती निरीक्षक बसवलेल्या गटात ते १३ टक्के होतं आणि कुणीच नसलेल्या गटात १८ टक्के. लगेच १९९२ मध्ये क्लाउस दांपत्य, केनेल, पेनी सिमकिन आणि ॲनी केनेडी यांनी 'डूलाज ऑफ नॉर्थ अमेरिका', म्हणजे 'डोना' ही संस्था उभी केली. प्रशिक्षण आलं, प्रमाणपत्र आलं.

प्रमाणपत्रासाठी काही बाळंतपणांना प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. नवशिकी ती फुकट किंवा नाममात्र पैशात करते, कारण तिला अनुभव हवा असतो. त्यामुळे कुठल्याही शहरात एकाच कामाचे दोन भाव कायम शेजारी शेजारी उभे राहतात. एकीकडे फुकट करणारी, दुसरीकडे पंधराशे डॉलर मागणारी. अनुभवी बाईला वाटतं, आपला आकडा लावला तर आपण महाग दिसू. नवीन बाईला वाटतं, शून्य लावलं तर आपण स्वस्त दिसू. दोघी गप्प बसतात.

मराठीत या गप्प बसण्याला नेमका शब्द आहे: मानधन. धन आहे, पण मान पुढे. मानधन मागायचं नसतं, ते समोरच्याने द्यायचं असतं. सुईणीला साडीचोळी, खण-नारळ, पायलीभर धान्य मिळायचं, आणि मुलगा झाला तर थोडं जास्त. 'तुमच्या मनाला येईल ते द्या' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यात देणाऱ्याचं मन केवढं मोठं निघेल हा सगळा धोका घेणाऱ्याच्या डोक्यावर असतो. आज आपल्या आशा सेविका मानधनवाढीसाठी रस्त्यावर येतात तेव्हा त्या भांडतात ती याच शब्दाशी. काम पूर्ण, शब्द अर्धा. अमेरिकन डूलांमध्येही गेल्या दशकात याच मुद्द्यावर दुफळी पडली. प्रोडुला नावाच्या प्रशिक्षण कंपनीने उघड सांगायला सुरुवात केली की हा व्यवसाय आहे, पोटापुरतं मागायला लाजू नका. जुन्या मंडळींना ती भाषा बाजारू वाटली आणि बराच धुरळा उडाला.

बाजारू वाटण्याची ही गोष्टही नवी नाही. 'भाव जाहीर करणं आपल्या पेशाला शोभत नाही' हे वाक्य डूलांच्या जन्माआधी वकिलांनी आणि डॉक्टरांनी म्हणून ठेवलं होतं. नुसतं म्हटलं नव्हतं, नियमच केला होता.

१९७१ मध्ये व्हर्जिनियातलं गोल्डफार्ब नावाचं जोडपं घर घेत होतं. मालकी हक्काची तपासणी वकिलाकडूनच करून घ्यावी लागे. एका वकिलाने वकील संघटनेच्या किमान दरपत्रकातला आकडा सांगितला. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रं पाठवली. १९ उत्तरं आली, आणि त्या दराखाली काम करायला एकही तयार नव्हता. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं किमान दरपत्रक म्हणजे संगनमत ठरवलं. पुढल्याच वर्षी व्हर्जिनियातल्या औषधविक्रेत्यांवरची, औषधांच्या किमती जाहीर करण्याची बंदी उठली. त्याच १९७६ च्या फेब्रुवारीत फिनिक्समधल्या बेट्स आणि ओ'स्टीन या दोन तरुण वकिलांनी स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: दोघांच्या संमतीने घटस्फोट १७५ डॉलर, नाव बदलणं ९५ डॉलर, न्यायालयाचं शुल्क वेगळं. संघटनेने कारवाई केली. १९७७ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या दोघांच्या बाजूने निकाल दिला.

या खटल्यात संघटनेचे युक्तिवाद वाचताना डूलांचा वाद आठवल्याशिवाय राहत नाही. प्रत्येक काम वेगळं असतं, म्हणून एक आकडा लावणं फसवं, दर्जा घसरेल, पेशाची प्रतिष्ठा जाईल. न्यायालयाचं उत्तर थोडक्यात असं होतं की ठरावीक स्वरूपाच्या कामाचा आकडा सांगता येतो, आणि लोकांना कमी माहिती देऊन त्यांचं रक्षण होत नाही.

(आपल्याकडे याची गंमतशीर उलटापालट आहे. डॉक्टरांना जाहिरातीला मनाई. पण वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दवाखान्यात फी फलकावर लावणं बंधनकारक. तुमच्या डॉक्टरांकडे तो फलक कुठे आहे, ते पुढच्या वेळी बघा.)

गोल्डफार्ब निकालाचा दुसरा अर्थही धंद्यात झिरपला: एकत्र बसून दर ठरवायचे नाहीत. हा मूळ मक्तेदारीविरोधी कायदा १८९० चा, तेल आणि रेल्वेच्या बड्या मक्तेदारांच्या काळातला, पण तो एकट्याने काम करणाऱ्यांनाही लागू होतो. कारण एकट्याने काम करणारी प्रत्येक बाई कायद्याच्या नजरेत स्वतंत्र धंदा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने संगीत शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेला धरलं, कारण दुसऱ्याचे विद्यार्थी ओढू नयेत असं तिच्या आचारसंहितेत होतं. २०१७ मध्ये चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या संघटनेची पाळी आली. तिथे मानधनाची दरपत्रकंही वादात होती. पियानोच्या बाईंवर ही वेळ येते म्हटल्यावर डूलांच्या गटात 'इथे पैशांविषयी बोलू नका' अशी ताकीद सुटावी, हे समजण्यासारखं आहे. पण त्या भीतीने थोडी जास्तच मजल मारली. सगळ्यांनी मिळून दर बांधणं बेकायदा आहे. आपला दर आपल्या पाटीवर लावणं नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत झाली आणि नव्या बाईला 'किती मागू?' हे विचारायला जागा उरली नाही.

मग सरकार आलं आणि त्याने आकडे भिंतीवर लावले.

अमेरिकेतल्या सुमारे ४० टक्के बाळंतपणांचा खर्च मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना उचलते. काळ्या स्त्रियांचे बाळंतपणातले मृत्यू गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट, हे आकडे समोर आल्यावर डूलांचे पैसे या योजनेतून द्यावेत अशी मागणी जोरात आली. ऑरेगन आणि मिनेसोटा ही राज्यं त्यात पहिली. ऑरेगनने सुरुवातीला एका बाळंतपणामागे ठरवले ७५ डॉलर. कळा अठरा तास चालल्या तर तासाला साडेचार डॉलरही पडत नाहीत. अर्थात डूला फिरकल्या नाहीत. दर ३५० झाला, आणि २०२२ मध्ये १,५०० वर गेला. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये प्रायोगिक योजना आणली: भेटीमागे ३० डॉलर, जास्तीत जास्त आठ भेटी, आणि प्रत्यक्ष बाळंतपणाचे ३६०, म्हणजे सगळे मिळून ६००. ब्रुकलिनमध्ये त्या दरात पुरेशा डूलाच मिळाल्या नाहीत, तिथे योजना सुरूच झाली नाही. २०२४ मध्ये राज्यभर लाभ लागू झाला तेव्हा न्यूयॉर्क शहरासाठी दर १,५०० आणि उरलेल्या राज्यासाठी १,३५० असा ठरला. कॅलिफोर्नियाने आधी ४५० सुचवले होते. तिथल्या डूलांनी हिशेबच मांडून दाखवला आणि २०२३ च्या जानेवारीत योजना सुरू होईपर्यंत आकडा दुपटीच्या वर न्यावा लागला.

माझ्या मते या सगळ्या वादाला खरी कलाटणी इथे मिळाली. ही दरपत्रकं सार्वजनिक कागद आहेत, कुणीही उघडून वाचावीत. सरकारचा आकडा जगासमोर आणि बाईचा स्वतःचा आकडा तिच्या वहीत, असं झालं की वाटाघाटीत सरकारचाच आकडा खरा ठरतो. कॅलिफोर्नियात दर वाढला तो खर्च आणि तास उघड मांडले म्हणून, गप्प बसून नाही. शिवाय अनेक राज्यांत मेडिकेड आपला दर आणि बाईची नेहमीची फी यांतली कमी रक्कम देतं. अशा वेळी 'माझी नेहमीची फी' ही गोष्ट कुठेतरी स्पष्ट लिहिलेली असणं तिच्याच फायद्याचं.

आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर न सांगितलेली किंमत सगळ्यांसाठी सारखी नसते. फोनवरचा उच्चार, पत्ता, आडनाव ऐकून आकडा वरखाली होऊ शकतो. न्यू जर्सीत लेकीच्या बाळंतपणाला व्हिजा काढून गेलेली आजी 'ही बाई घेते किती?' हे तोंडावर विचारेल. तिच्या लेकीला ते विचारायची लाज वाटेल. न्यू जर्सीच्या मेडिकेडने २०२१ पासून डूलाचे पैसे द्यायला सुरुवात केली, पण नोकरीवाल्या मराठी कुटुंबाचा खासगी विमा असतो आणि तो ते देईलच असं नाही. म्हणजे आकडा खिशातूनच जाणार, आणि ज्याला तो खिशातून द्यायचा त्याला तो आधी दिसायला हवा.

विरोधातला एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. नुसता आकडा खरंच काही सांगत नाही. समजा फी १,५०० आहे. त्यात आधीच्या दोन-तीन भेटी, नंतरची एखाद-दुसरी, मधले मेसेज आणि फोन, आणि कळा चार तास चालोत की तीस तास, तोवरची सोबत येते. सगळे मिळून तीस तास धरले तर तासाला ५० डॉलर. त्यातून स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर, पेट्रोल, पार्किंग. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अडकून राहणं: साधारण ३८ व्या आठवड्यापासून बाळ होईपर्यंत ती गावाबाहेर जात नाही, रात्री फोन उशाशी ठेवते, आणि म्हणूनच महिन्याला तीन-चारपेक्षा जास्त बाळंतपणं घेऊ शकत नाही. हे प्रतीक्षेचे दिवस कुठल्याच दरपत्रकात वेगळे दिसत नाहीत.

म्हणून आकडा लावणाऱ्या डूला आता एका ओळीवर थांबत नाहीत. डूलामॅच या शोधयादीत बाईच्या मोकळ्या तारखांशेजारी फी दिसते. तपशील तिच्या करारात असतो. अर्धी रक्कम करार करताना, उरलेली बाळंतपणाच्या काही आठवडे आधी. सिझेरियन ठरवून झालं तर काय, ती पोचायच्या आत बाळ झालं तर काय, एकाच रात्री दोघींच्या कळा सुरू झाल्या तर बदली कोण येणार आणि त्या बदलीचे पैसे कुणाच्या वाट्यातून जाणार.